बक्षीस, शिक्षा आणि सरकारचे देणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकेतील माजी सैनिकांसाठी चालणारी उपचार न्यायालये, हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्या न्यायालयांत बक्षिसे कशी देतात आणि शिक्षा कशी करतात याच्याशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु थोडा विचार केला तर संबंध जवळचा आहे. ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्याकडे माणसाला वळण लावण्याची दोन जुनी साधने असतात, एक आमिष आणि दुसरे भय. कारखान्यात काम केलेल्याला हजेरी बोनस आणि चार्जशीट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. या साधनांचा वापर कोण करतो, कोणावर करतो आणि वापरणाऱ्याला जाब विचारणारा कोणी आहे की नाही, हे तपासणे समाजवाद्याचे कामच आहे. माजी सैनिकांच्या न्यायालयांत ही दोन्ही साधने अगदी उघडपणे, नियम लिहून, मोजूनमापून वापरली जातात. म्हणून तेथे ती नीट पाहता येतात.

प्रथम सैनिकाकडे पाहू. युद्ध पुकारणारे आणि युद्धात मरणारे हे क्वचितच एका वर्गातले असतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६६ साली एक योजना सुरू केली. सैन्यभरतीच्या बौद्धिक चाचणीत जे तरुण पूर्वी नापास ठरले असते, त्यांना तिच्यामुळे सैन्यात घेतले जाऊ लागले. योजनेचे नावच 'प्रकल्प एक लाख' असे होते. प्रत्यक्षात पाच वर्षांत तीन लाखांहून अधिक तरुण तिच्याद्वारे भरती झाले. त्यांतले बहुसंख्य गरीब घरांतले होते आणि सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय होते. गरिबीतून वर काढण्याचे साधन म्हणून ही योजना देशापुढे मांडली गेली. महाविद्यालयात शिकणाऱ्या सुखवस्तू मुलांना त्याच काळात भरती पुढे ढकलून मिळत होती.

युद्धाने मन मोडलेल्या सैनिकाला पूर्वी काय मिळत असे? पहिल्या महायुद्धात रणांगण सोडणे, भ्याडपणा दाखवणे अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश संसदेने माफी दिली ती २००६ साली. त्यातले किती जण भ्याड होते आणि किती जण तोफांच्या भडिमाराने आजारी पडलेले होते, हे त्यांना भिंतीपुढे उभे करताना कोणी विचारले नव्हते. मनाच्या या जखमेला वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले ते १९८० साली. आघातोत्तर तणाव विकृती असे तिचे नाव. हे स्थान आपोआप मिळाले नाही. व्हिएतनामहून परतलेल्या आणि युद्धाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून आपले अनुभव बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शातान यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. त्या बैठकांमधून आणि संघटित आग्रहातून हे नाव पुढे आले. म्हणजे ज्याला आज आपण निदान म्हणतो, त्याच्यामागेही एक चळवळ उभी आहे.

त्याच युद्धातली आणखी एक हकीकत आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. १९७१ साली असे लक्षात आले की, व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन फार पसरले आहे. अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने आदेश काढला की, घरी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायची. ज्याच्या तपासणीत अंमली पदार्थ सापडेल त्याला विमानात बसू द्यायचे नाही, आधी व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी ठेवून घ्यायचे. घरी जाणे हे बक्षीस आणि मागे राहणे ही शिक्षा! पुढे ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. त्यांना असे आढळले की, सैनिकांपैकी जवळजवळ एक पंचमांश तेथे व्यसनाधीन झाले होते, पण अशा शंभरांपैकी जेमतेम पाच जण परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाच्या आहारी गेले. त्या काळी हेरॉइन सुटत नाही अशी सर्वांची पक्की समजूत होती. रॉबिन्स यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाला. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. एका तपासणीच्या भीतीने माणूस विमानात चढेल, परंतु त्यापुढे वर्षभर तो सावरलेला राहतो तो त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलल्यामुळे. युद्धभूमी मागे पडलेली असते, घर, काम आणि ओळखीची माणसे पुन्हा मिळालेली असतात. ज्यांना परतल्यावर यातले काहीच मिळाले नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि न्यायालयात येऊन उभे राहतात ते बहुधा तेच.

आता न्यायालयाकडे येऊ. १९८९ साली फ्लॉरिडातील मायामी येथे अमेरिकेतले पहिले मादक द्रव्य न्यायालय सुरू झाले. तुरुंग भरत चालले होते आणि तीच माणसे पुन्हा पुन्हा परत येत होती, म्हणून हा मार्ग निघाला. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल अशीच न्यायालये चालवत असत. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, व्हिएतनाममध्ये लढलेला एक माणूस त्यांच्यापुढे वारंवार येई आणि मान खाली घालून मुकाट उभा राही. उपचारात त्याचे मन लागत नव्हते. एके दिवशी न्यायाधीशांनी न्यायालयाशी संबंधित असलेल्या, व्हिएतनाममध्येच लढलेल्या दोघांना त्याच्याशी बाहेर बोलायला पाठवले. थोड्या वेळाने तो आत आला तेव्हा सैनिकासारखा ताठ उभा राहिला आणि आपण प्रयत्न करू, असे न्यायाधीशांच्या नजरेला नजर देऊन म्हणाला. जानेवारी २००८ मध्ये बफेलोत केवळ माजी सैनिकांसाठी न्यायालय सुरू झाले. अशी न्यायालये आणि न्यायालयांतील अशा स्वतंत्र यादी आज अमेरिकेत सहाशेहून अधिक आहेत.

या न्यायालयाची रीत थोडक्यात अशी. आरोपी माजी सैनिक स्वतःच्या संमतीने येतो, पुष्कळ ठिकाणी आधी गुन्हा कबूल करून येतो. वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ तो टप्प्याटप्प्याने पुढे जातो. सुरुवातीला साधारणपणे दर पंधरवड्याला त्याला न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते. त्या दिवशी न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, परिवीक्षा अधिकारी, उपचार करणारे आणि माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा प्रतिनिधी हे सारे आधी एकत्र बसून प्रत्येकाचा विचार करतात. प्रत्येकाला एक सोबती दिलेला असतो. तोही माजी सैनिकच असतो आणि त्याला पगार नसतो. सोबत्याने न्यायाधीशांकडे चहाड्या करायच्या नसतात. आपल्या माणसाला दवाखान्यात नेणे, घर शोधायला मदत करणे, रात्री-अपरात्री फोन उचलणे हे त्याचे काम.

बक्षिसे आणि शिक्षा येतात त्या या चौकटीत. तपासणी निर्दोष आली, ठरलेल्या भेटी चुकल्या नाहीत, तर न्यायाधीश भर न्यायालयात नाव घेऊन कौतुक करतात आणि सारे टाळ्या वाजवतात. चांगले वागणाऱ्याचे प्रकरण आधी पुकारतात, म्हणजे तो लवकर घरी जातो. पलटणीत देतात तसे नाणे काही ठिकाणी देतात. पुढच्या टप्प्यात हजेरीच्या तारखा कमी होतात आणि शेवटी खटला काढून टाकला जातो किंवा शिक्षा हलकी होते. उलट बाजूला न्यायाधीशांची समज, जास्त वेळा हजेरी, समाजसेवेचे तास, संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्यास बंदी, काही दिवसांचा तुरुंग आणि सर्वांत शेवटी कार्यक्रमातून हकालपट्टी, अशी चढती पायरी असते.

आता हे उपयोगी पडते का? मादक द्रव्य न्यायालयांविषयीच्या दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. इतर मार्गांनी गेलेल्या शंभरांपैकी पन्नास जण पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर या न्यायालयांतून गेलेल्यांपैकी सुमारे अडतीस सापडतात, असा त्याचा सारांश होता. हा फरक थोडा नव्हे. परंतु सर्व न्यायालये सारखी चालत नाहीत, आणि कोणती चालतात हे पाहून काही नियम ठरले आहेत. ते आपण नीट ऐकावेत असे आहेत.

पहिला नियम असा की, शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणात नसतो. ती लवकर आणि खात्रीने मिळते की नाही, यावर सारे अवलंबून असते. तुरुंगात धाडायचेच झाले तर तीन ते सहा दिवसांपेक्षा अधिक नको, कारण त्यापुढे सुधारणा होण्याऐवजी नोकरी जाते, घर जाते आणि माणूस बिघडतो. दुसरा नियम असा की, एका शिक्षेमागे निदान चार वेळा प्रोत्साहन मिळाले पाहिजे. तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे आज माणसाच्या हातात आहे आणि जे अजून त्याच्या हातात आलेले नाही, यांत भेद करायचा. ठरल्या वेळी येणे, खरे बोलणे, तपासणी टाळू नये हे पहिल्या दिवसापासून त्याला जमू शकते. ते टाळले तर शिक्षा योग्य आहे. परंतु व्यसनाने ग्रासलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दारूचा मोह आवरला नाही, तर ते त्याच्या आजाराचे लक्षण आहे. तेथे शिक्षा न करता उपचार बदलायचे असतात. आणि चौथी गोष्ट अगदी साधी आहे. जे न्यायाधीश प्रत्येकाशी सरासरी निदान तीन मिनिटे बोलतात, त्यांच्या न्यायालयांत निकाल अधिक चांगले दिसतात. मित्रहो, ज्याचे कोणी कधी ऐकूनच घेतले नाही त्याच्या आयुष्यात ती तीन मिनिटेही मोठी असतात.

केवळ जलद आणि खात्रीची शिक्षा पुरेशी नाही याचाही पुरावा आहे. हवाई राज्यात २००४ साली परिवीक्षेतील गुन्हेगारांसाठी अशी योजना सुरू झाली. चूक केली की लगेच थोड्या दिवसांचा तुरुंग, असे तिचे सूत्र होते. तेथील यशाचा मोठा गाजावाजा झाला. पुढे चार राज्यांत तिचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला गेला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या परिवीक्षेपेक्षा फारसा फरक आढळला नाही.

बक्षिसांची गोष्ट याहून रंजक आहे. नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दारूच्या आहारी गेलेले ४२ माजी सैनिक होते. निम्म्या-निम्म्या गटांना सारखेच उपचार दिले, फक्त एका गटाला निर्दोष तपासणीबद्दल भांड्यातून चिठ्ठी उचलायला मिळे. पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी लिहिलेली, काहींवर किरकोळ वस्तू, एखाद्या चिठ्ठीवर मोठे बक्षीस. आठ आठवडे उपचारात टिकून राहणारे या गटात शंभरांत ८४ निघाले, दुसऱ्या गटात २२. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०११ पासून ही पद्धत आपल्या उपचार केंद्रांत नेली.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो. उजवीकडचा म्हणतो, व्यसन सोडण्यासाठी पैसे कशाला द्यायचे? त्याला उत्तर सोपे आहे. श्रीमंताच्या मुलाला व्यसन सोडल्याबद्दल आयुष्यात शेकडो बक्षिसे आपोआप मिळतात, कारण घर, प्रतिष्ठा, नोकरी त्याची वाट पाहत असते. ज्याची कोणीच वाट पाहत नाही त्याला दोन पैशांची का होईना, आशा दाखवली तर बिघडले कोठे? डावीकडचा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसाला उंदरासारखे शिकवता येते असे मानणे हा त्याचा अपमान नव्हे काय? मी हा आक्षेप झटकून टाकत नाही. चिठ्ठीचे भांडे हेच जर सर्वस्व झाले तर तो अपमान आहेच. पण पलटणीतल्या जुन्या सोबत्याने दिलेले नाणे आणि मालकाने फेकलेले नाणे यांत फरक असतो, आणि तो घेणाऱ्यालाही कळतो.

आता या न्यायालयांच्या उणिवांकडे वळू, कारण खरी परीक्षा तेथेच आहे.

पहिली उणीव संमतीची. एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला उपचार, असे म्हणून विचारलेल्या 'तुझी मर्जी काय?' या प्रश्नाला कितपत अर्थ आहे? गुन्हा आधीच कबूल केलेला माणूस कार्यक्रमात नापास झाला तर त्याच्या हाती बचाव उरत नाही.

दुसरी उणीव अशी की, काही न्यायालयांनी उपचारालाच गुन्हा ठरवले. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही मान्य औषधे आहेत. ती घेणे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे, अशा समजुतीने कित्येक मादक द्रव्य न्यायालयांनी ती बंद करायला लावली. कायद्याच्या खुर्चीत बसून औषध लिहिण्याचा हा अधिकार त्यांना कोणी दिला? २०२२ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने स्पष्ट केले की, वैद्यकीय सल्ल्याने औषध घेणाऱ्याला असे अडवणे हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग ठरू शकतो.

तिसरी उणीव दाराशीच आहे. सैन्यातून कोणत्या शेऱ्याचा कागद घेऊन बाहेर पडलात यावर अमेरिकेत सारे अवलंबून असते. कागदावर सन्मानाचा शेरा नसेल तर माजी सैनिक खात्याची दारे अनेकदा बंद होतात, आणि त्या खात्याच्या उपचारांवर चालणाऱ्या न्यायालयांतही प्रवेश कठीण होतो. युद्धाने आजारी झालेला सैनिक हुकूम मोडतो, दारू पितो, भांडतो, त्याबद्दल त्याला वाईट शेरा मिळतो आणि त्या शेऱ्यामुळे उपचार मिळत नाहीत. आजाराच्या लक्षणालाच आजाऱ्याच्या विरुद्ध पुरावा ठरवणारे हे चक्र आहे. २०२४ मध्ये हे नियम काहीसे सैल करण्यात आले, परंतु चक्र थांबलेले नाही.

चौथा प्रश्न स्त्रियांचा. या न्यायालयांत येणाऱ्यांपैकी काहींनी घरात बायकोवर हात उगारलेला असतो. सैनिकाच्या जखमेबद्दल सहानुभूती बाळगताना तिच्या जखमेचा विसर पडता कामा नये. तिची सुरक्षितता ही कोणाच्या बक्षिसाची किंमत होऊ शकत नाही. तिच्याशी बोलल्याशिवाय, तिला संरक्षण दिल्याशिवाय अशा आरोपीला पुढच्या टप्प्यात नेणे हा न्याय नव्हे.

आणि शेवटचा प्रश्न, सैनिकांनाच हा मार्ग का? खाणीत छाती गमावलेल्या मजुराला, लहानपणापासून मार खाल्लेल्या मुलाला का नाही? अमेरिकेतील नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनीही हा प्रश्न विचारला आहे. माझे उत्तर असे की, सैनिकाला मिळते ते काढून घेण्याची मागणी आपण करू नये. राज्याने एका ठिकाणी कबूल केले आहे की, माणसाच्या गुन्ह्यामागे राज्याची स्वतःची करणी असू शकते. कोरियाच्या युद्धात लढलेल्या एका देहदंडित कैद्याच्या प्रकरणात २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा ठरवताना त्याच्या युद्धसेवेचा आणि तिच्या परिणामांचा विचार व्हायला हवा होता, असे म्हटले. हे कबूल झाले की पुढचा प्रश्न आपण विचारायचा: राज्याची करणी फक्त रणांगणावरच असते काय?

आपल्याकडे सैनिकांसाठी असे न्यायालय काढा अशी मागणी घेऊन मी आलेलो नाही. परंतु बीज आपल्या कायद्यात आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३९ न्यायालयाला असा अधिकार देते की, अल्प प्रमाणातील गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडावे. कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. विश्वासाचा प्रयोगही आपल्याला परका नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली आणि कैदी भिंतींवाचून शेती करू लागले. कलमे पुस्तकात आहेत, परंतु ती आरोपीपर्यंत पोचतात का? वस्तीतला मुलगा पुडीसह पकडला जातो तेव्हा या कलमांची नावे त्याच्या आईला कोण सांगतो? ते सांगण्याचे काम आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचे आहे. जवळच्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकील मिळवणे आणि मान्यताप्राप्त उपचार केंद्रात जागा आहे का हे विचारणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

मी सुरुवातीला म्हटले की, बक्षीस आणि शिक्षा यांचा वापर करणाऱ्याला जाब विचारणारा असला पाहिजे. उपचार न्यायालयात सैनिकाच्या प्रत्येक चुकीची नोंद होते. किती भेटी चुकल्या, कितीदा तपासणी सदोष आली, हे सारे कागदावर येते. परंतु उपचार केंद्रात खाट मिळाली नाही म्हणून तो तीन आठवडे ताटकळला, तर त्याची नोंद कोणाच्या नावे होते? राहायला घर नाही म्हणून तो पुन्हा जुन्या सोबतीत गेला, तर दंड कोणाला? बक्षीस आणि शिक्षा यांना न्यायाचे नाव तेव्हाच शोभेल, जेव्हा दोन्ही बाजूंच्या चुका एकाच वहीत लिहिल्या जातील. तोपर्यंत उपचार हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, ते सरकारचे देणे आहे, आणि देणेकऱ्याने धनकोला शिक्षा करण्यापूर्वी आपली थकबाकी पाहावी, एवढे तरी आपण ठामपणे म्हणत राहिले पाहिजे.